काळकुसळीचं पत्र

मुठा गावात हैबतरावांच्या खाचरांना लागून जयसिंगची खाचरं आहेत आणि मध्ये हातभर रुंदीचा बांध आहे. या बांधावर हैबतरावांनी आयुष्याचा बराच काळ स्वतःच्या शेताकडे पाठ करून काढला. आपलं भात कसं आलंय हे त्यांना कळायचं ते जयसिंगचं भात पाहिल्यावर. आपलं मांडीला आणि त्याचं गुडघ्याला असेल तर साल चांगलं. आपलं मांडीला आणि त्याचं कमरेला असेल, तर कणग्या तोंडापर्यंत भरल्या तरी साल बुडालं.

माणूस तसा सरळ होता. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत सव्वीस वर्षं काढली, पण एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. शर्टाच्या खिशात पेन असल्याशिवाय ते चहालासुद्धा बाहेर पडत नसत. गावात कुणाशी वैर नव्हतं. फक्त जयसिंगचं नाव निघालं की हातातला घास ताटात परत जायचा.

जयसिंग हा सख्ख्या चुलत्याचा मुलगा, त्यांच्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान आणि वीतभर उंच. या वीतभरानं सगळा घोटाळा केला. शाळेची घंटा टांगलेली उंच, म्हणून ती वाजवायचा मान जयसिंगकडे गेला. जत्रेत पालखीला पुढून उंच खांदा लागतो, म्हणून पुढचा खांदा जयसिंगचा. मागच्या खांद्याला उभे असलेले हैबतराव चाळीस वर्षं जयसिंगचं मुंडासं बघत गावप्रदक्षिणा करत आले. देवाचं दर्शन त्यांना त्या मुंडाशाच्या वरून कधी झालंच नाही.

एकाच गोष्टीत हैबतरावांचं घर वरचढ होतं. ती गोष्ट म्हणजे काळकुसळी.

काळकुसळी हे जुनं गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं भात. लोंबीला लांब काळी कुसळं येतात, त्यामुळे भात निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या, की खाचरावर काजळ धरल्यासारखं दिसतं. दाणा तांबूस, आणि शिजायला लागला की तीन घरं सोडून चौथ्या घरी वास जातो. पण एकरी उतारा कमी. सुधारित बियाणं आलं तसं खोऱ्यातल्या घराघरातून हे भात गेलं. हैबतरावांच्या आईनं, तुळजाबाईंनी, तेवढं जाऊ दिलं नाही. दरसाल एका ताटलीएवढ्या खाचरात त्या ते लावायच्या आणि बी वेगळ्या लहान कणगीत राख घालून, वरून शेणानं लिंपून ठेवायच्या.

या भाऊकीत एक जुना रिवाज आहे. बी मागायला जो सूप घेऊन दारात येईल, त्याला 'का' विचारायचं नाही आणि 'नाही' म्हणायचं नाही. दोन घरांत अबोला असला तरी नाही. हैबतरावांचं नवीन लग्न झालेलं होतं तेव्हाची गोष्ट. जयसिंगची आई एका सकाळी सूप घेऊन आली आणि मान खाली घालून उंबऱ्याशी उभी राहिली. त्यांच्या घरची काळकुसळी केव्हाच संपली होती. तुळजाबाईंनी कणगी फोडली आणि सूप शिगेला भरलं.

ती गेल्यावर हैबतराव म्हणाले, "आये, आपल्यापाशी एवढी एकच गोष्ट व्हती. ती बी बांधापल्याड दिलीस?"

"एका घरात कोंडलेलं बी त्या घरासंगं मरतं," तुळजाबाई म्हणाल्या. "दोन घरी असलं म्हंजी एकाचं बुडालं तरी दुसऱ्याकडं ऱ्हातं. तुला न्हाई कळायचं ते."

हैबतरावांना ते खरंच कळलं नाही. पुढच्या कार्तिकात बांधाच्या दोन्ही अंगांना काळी लोंबी डोलायला लागली आणि त्यांच्या मनात जी अढी बसली ती तुळजाबाई वारल्या तरी सुटली नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्याहून शुभांगी मॅडम आल्या. देशी वाणांची नोंद करणाऱ्या एका संस्थेत त्या कामाला होत्या. त्यांनी खोऱ्यातल्या एकोणीस शेतकऱ्यांचा गट केला. गटाला प्रमुख हवा होता. हैबतराव त्या बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात एकाऐवजी दोन पेनं लावून गेले होते. अक्षर चांगलं, कागद जपून ठेवायची सवय, शिवाय ईमेल येणारा साठीतला माणूस त्या बैठकीत दुसरा कोण होता? एक होता. जयसिंग. आणि त्याचा ईमेलचा पत्ता हैबतरावांनीच आपल्या ओट्यावर बसून उघडून दिलेला होता, पासवर्डला जयसिंगच्या बैलाचं नाव घालून.

लोकांनी जयसिंगला निवडलं. त्याला म्हणे चारचौघांत बोलता येतं.

मॅडमनी गटासाठी ईमेलचा एक सामायिक पत्ता काढून दिला. त्यावर कुणीही पत्र टाकलं की एकोणीस जणांच्या फोनवर एकदम जाऊन पडायचं. मॅडमची पत्रं त्याच पत्त्यावरून येणार होती. पण प्रमुख झालेल्या जयसिंगला तर नवं खेळणंच सापडलं. रोज सकाळी हैबतराव दुधाची किटली घेऊन निघाले की फोन वाजायचा. 'गटप्रमुख जयसिंग यांच्या शेतावरील रोपे.' 'गटप्रमुख जयसिंग यांच्या शेतास मॅडमची भेट.' 'गटप्रमुख जयसिंग यांच्या बैलास पहिला क्रमांक.' आणि पूर्वी 'दादा' म्हणणारा जयसिंग आता बांधावरून त्यांना 'हैबतराव' म्हणायला लागला होता.

वैशाखातल्या एका सकाळी त्या बैलाचा फोटो दुसऱ्यांदा आला, तेव्हा हैबतरावांचा अंगठा फोनवर इकडेतिकडे फिरला आणि एका ओळीवर थांबला. तिथं लिहिलं होतं, स्पॅमची तक्रार करा.

तक्रार या शब्दाबद्दल हैबतरावांच्या मनात मोठा आदर होता. कारखान्यात तक्रारवही होती. वहीत नोंद झाली की आठवड्याच्या आत साहेबाला खाली सही करावी लागे आणि ज्याच्याविरुद्ध नोंद असेल त्याला बोलावून समज दिली जाई. तशीच वही इथंही वर कुठंतरी असणार. त्यांनी ओळ दाबली. फोटो नाहीसा झाला. उन्हात थंड पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी रोज एक तक्रार केली. चौदा तक्रारी झाल्यावर चमत्कार घडला. जयसिंगची पत्रं यायची बंद झाली.

"दणका बसलाय गड्याला," ते बायकोला, मालनबाईंना म्हणाले. "वरनं समज दिलेली दिसतीया."

"कुणी दिली?"

"असत्यात साहेब लोक. समद्यावर नजर असती त्यांची."

मालनबाईंना साहेब लोकांचं कळलं नाही, पण नवरा हसतमुखानं जेवतोय हे दिसलं, म्हणून त्यांनी पुढं विचारलं नाही. तो पावसाळा हैबतरावांना फार सुखाचा गेला.

आश्विनात घट बसले. भात निसवलं, दोन्ही अंगांना काजळ धरलं. एका सकाळी दूध घालायला गेले असताना शेजारच्या कोंडिबानं सहज विचारलं, "हैबतराव, फार्म भरलासा का काळकुसळीचा? दसऱ्याच्या आदल्या दिसापत्तुरच मुदत हाय म्हनं. फुडं मॅडम पाहणीला येनार."

"कसला फार्म?"

"आवो, नोंदीचा. वाणाचं नाव, गावाचं नाव आन् बी ज्या घरानं जपलं त्या घराचं नाव. कायमचं लिवून ठेवनार हायेत. जयसिंगानं तर कवाच धाडलाय. समद्यांना पत्रं आल्यात की!"

हैबतरावांनी किटली तिथंच ठेवली आणि रिकाम्या हातांनी घरी आले.

सगळ्यांना पत्रं आली. आपल्याला नाही. याचा अर्थ सरळ होता. गटप्रमुखानं आपलं नाव यादीतून काढलं. आईनं राख घालून, शेण लिंपून जपलेलं बी, आणि वहीत नाव लागणार ते जयसिंगच्या घराचं. शाळेची घंटा गेली, पालखीचा खांदा गेला, गट गेला. ते सगळं आपलं आपण गिळलं. पण हे आईचं होतं.

जयसिंगला जाऊन विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी मॅडमना थेट पत्र लिहिलं. मॅडमचा स्वतःचा ईमेलचा पत्ता जुन्या वहीत होता. विषयाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'अत्यंत तातडीचे!!! घोर अन्याय!!! लगेच उघडा!!!' खाली मजकूर दोन ओळींचा आणि सोबत शेताचे सतरा फोटो. उत्तर आलं नाही. त्यांनी तेच पत्र पुन्हा पाठवलं. दोन दिवसांत पाच वेळा पाठवलं.

"मॅडमलाबी फितवलं त्यानं," ते म्हणाले.

मालनबाई भाकरी थापत होत्या. "चार दिस झालं, ताटात भाकरी तशीच ऱ्हातीया. जयसिंगभावजींच्या नावानं बोटं मोडून पोट भरतंय व्हय?"

"तू त्याचीच बाजू घे."

"मी भाकरीची बाजू घेतीया. जेवा."

खंडेनवमीच्या सकाळी त्यांची मुलगी वैष्णवी आली. ती आणि तिचा नवरा जांबे गावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. हिंजवडीच्या एका कंपनीत लोकांच्या कॉम्प्युटरची दुखणी फोनवर ऐकून घ्यायचं तिचं काम. हैबतराव अंगणात विळे आणि कोयते धुऊन पूजेला मांडत होते, पण हात मंद चालले होते. वैष्णवीनं आईकडून सगळं ऐकलं आणि ती बापाशेजारी येऊन बसली.

"आप्पा, फोन द्या बरं जरा."

"पूजेत ठेवायचाय तो."

"ठेवू की. आधी बघू तर द्या." तिनं फोन घेतला, दोनचार ठिकाणी बोट लावलं आणि विचारलं, "हे स्पॅमचं खातं कधी उघडून बघितलंय का तुम्ही?"

"त्यात काय बघायचं? फुकट घड्याळ लागलं, परदेशातली बाई लगीन कराया तयार हाय, असली पत्रं असत्यात."

"असतात. आणि हे बघा, हे काकांचं. हे काकांचं. हेही काकांचं. आणि हे शुभांगी मॅडमचं, दहा दिवसांपूर्वीचं."

हैबतरावांनी विळा खाली ठेवला. पत्र मोठं नव्हतं. 'काळकुसळी नोंदीचे स्मरणपत्र. यापूर्वी पाठवलेला फॉर्म भरून खंडेनवमीच्या संध्याकाळपर्यंत परत करावा. त्यानंतर आलेल्या फॉर्मचा विचार होणार नाही.'

"मंजी आज," ते म्हणाले. मग आवाज चढला. "बघितलंस? त्यानंच घातलं ह्यात लपवून!"

"काकांनी नाही, आप्पा. तुम्ही घातलंय." तिचा आवाज कंपनीतल्यासारखा शांत होता. "गटाच्या पत्त्यावरून आलेल्या पत्रांना तुम्ही बऱ्याचदा स्पॅम म्हटलेलं दिसतंय."

"मी जयसिंगाची चौदा डाव तक्रार केली व्हती. मॅडमची न्हाई."

"फोन जयसिंगकाकांना ओळखत नाही. त्याला एवढंच कळलं, की या पत्त्यावरून जे येतं ते या माणसाला नको असतं. सगळ्या गटाची पत्रं त्याच पत्त्यावरून येतात. त्यानं सगळीच दाराबाहेर ठेवली. तुमचंच ऐकलं त्यानं."

हैबतरावांनी खाली ठेवलेला विळा उचलून पुन्हा पुसला. मग त्यांनी जे विचारलं त्यानं वैष्णवीला हसावं की रडावं ते कळेना.

"मग त्या तक्रारी कुणी वाचल्या?"

"कुणी नाही."

"वर साहेब न्हाई?"

"साहेब नाही, वही नाही."

"म्हंजी पावसाळाभर जयसिंगाला कुणीच काय बोललं न्हाई?"

"नाही आप्पा."

पत्र हुकल्याच्या दुःखापेक्षा हे दुःख त्यांना त्या घटकेला जास्त लागलं.

वैष्णवी कामाला लागली. मॅडमच्या पत्रावर तिनं 'स्पॅम नाही' हे दाबलं आणि पत्र टुणकन वरच्या खात्यात आलं. फॉर्म पहिल्या पत्रासोबत होता. ते पत्र शोधलं तर सापडेना. स्पॅमचं खातं तीस दिवसांनी आपोआप झाडलं जातं, आणि ते पत्र दीड महिन्यापूर्वीचं होतं. मॅडमचा फोन नंबरही त्यातच असावा, कारण स्मरणपत्रात नव्हता.

मग तिनं हैबतरावांनी पाठवलेली पत्रं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "आप्पा, असं पत्र मला आलं तर मीसुद्धा उघडणार नाही! एवढी उद्गारचिन्हं, 'लगेच उघडा', दोन ओळी आणि सतरा फोटो. तेही पाचदा. मॅडमचा कॉम्प्युटर तुम्हाला ओळखत नाही. त्यानं तुम्हालाही त्या परदेशातल्या बाईशेजारी नेऊन बसवलं असणार."

"मग आता?"

"आता एक करू. ज्यांची पत्रं हवीत त्यांचे पत्ते ओळखीच्या यादीत घालू. ओळखीच्या माणसाला फोन सहसा बाहेर ठेवत नाही. गटाचा पत्ता घातला. मॅडमचा घातला. आता काकांचा."

"त्याचा कशापायी?"

"फॉर्म कुणाकडून मागणार? कोंडिबा गटात नाहीत, त्यांचा फोनही बटणाचा, आणि गटातले बाकीचे सगळे दसऱ्याच्या खरेदीला पौडला गेलेत, गर्दीत फोन कोण उचलणार?" तिनं फोन त्यांच्यापुढं धरला. "तुम्हीच घाला."

आयुष्यात ज्या माणसाला घराबाहेर ठेवण्यात सगळी शक्ती गेली, त्याचं नाव आपल्या बोटांनी ओळखीच्या यादीत घालायचं. हैबतरावांनी एकेक अक्षर दाबलं. बायकोनं एरंडेल पाजलं तेव्हासुद्धा तोंड एवढं वाकडं झालं नव्हतं. वैष्णवीनं पुढं लॅपटॉप काढून पक्का नियमही लावून दिला, की या तीन पत्त्यांवरून येणारं काहीही कधीच स्पॅममध्ये टाकायचं नाही.

"आता काकांना फोन लावा," ती म्हणाली.

त्यांनी लावला नाही. दोन वर्षांत एकमेकांना फोन नव्हता. ते नुसतेच उठले, पेन खिशात आहे का बघितलं आणि चपला घातल्या. मालनबाई आतून सूप घेऊन आल्या.

"ह्ये घेऊन जावा."

"मी बी मागाया चाललोय का?"

"त्या बियाचंच काम हाय न्हवं? मग घ्या. सूप बघितल्यावर त्यांना न्हाई म्हनता यायचं न्हाई."

हैबतराव बांध ओलांडून गेले. एका हातात सूप आणि सुपात फोन.

जयसिंग अंगणात ट्रॅक्टरला झेंडूची माळ बांधत होता. त्यानं आधी सूप पाहिलं, मग ते धरणारा माणूस पाहिला आणि माळ हातातच राहिली.

"बी संपलं का काय, हैबतराव?"

"बी हाय. फार्म न्हाई."

"दीड महिना झाला की धाडून."

"मला आज दिसलं. माझ्या फोनात जरा गडबड व्हती." कोणाची गडबड, ते त्यांनी सांगितलं नाही. "मॅडमनी माझं इचारलं न्हाई व्हय?"

"दोन डाव इचारलं. हैबतरावांचं उत्तर का न्हाई म्हनल्या. मी म्हनलं, त्यांना गरज नसंल."

"बांधावं रोज तोंड दिसतंय माझं. एक हाळी द्यायला काय झालं व्हतं तुला?"

जयसिंग ट्रॅक्टरच्या चाकावर टेकला. त्यानं माळेतलं एक फूल खुडलं आणि बोटांत चुरगाळलं. "खरं सांगू? मला बरं वाटलं. लहानपणापासनं आयचं एकच. हैबत बघ, कंपनीत हाय. हैबत बघ, अक्षार कसं. हैबतची कापडं बघ, न्हाईतर तू. मरायच्या आदल्या दिशीबी म्हनली, काळकुसळी हैबतच्या घरची हाय, इसरू नगंस. म्हनलं, एवढ्या एका वहीत तरी माझ्या घरची हुंदे."

चाळीस वर्षं ज्या मुंडाशाकडे पाहून हैबतरावांचा जीव जळला होता, त्या मुंडाशाखालीही कुणाचा तरी जीव जळत होता आणि तो आपल्यावरून! एवढी मोठी गोष्ट कुणी त्यांना सांगितली नव्हती.

"काय लिवलंस तू फार्मावर? बी कुटनं आलं म्हनून?"

"वडलोपार्जित," जयसिंग जमिनीकडे बघत म्हणाला. "गेलंय ते."

सूप मध्ये होतं. भांडायची सोय नव्हती. जयसिंगनं फोन काढला, चष्मा लावला आणि फॉर्म पाठवला. मग दोघं म्हातारे सुपातल्या फोनवर वाकून उभे राहिले. फोन गप्प होता. हैबतरावांच्या मनात आलं, आपण दार असं काही लावून घेतलंय की आता उघडायचं म्हटलं तरी ते उघडत नाही. एवढ्यात फोन वाजला. पत्र आलं होतं, आणि वरच्याच खात्यात आलं होतं.

"आलं की!" जयसिंग म्हणाला. मग त्यानं, न सांगता, मॅडमना फोन लावला. "मॅडम, आमच्या हैबतदादाचं पत्र तुमच्याकडं कचऱ्यात पडलं असंल, तेवढं बघा. हां, त्योच. उद्गारचिन्हवाला. भला माणूस हाय ओ, ओळखीत घ्या त्याला."

हैबतराव घरी आले. फॉर्मवरचं तेच सांगत गेले, वैष्णवी टाइप करत गेली. 'बियाण्याचा इतिहास' या रकान्यात त्यांनी आईचं नाव सांगितलं, कणगी सांगितली, राख सांगितली आणि शेवटी ठणकावून सांगितलं, "फुडं लिव. बांधापलीकडं जयसिंगच्या शेतात असलेलं बी आमच्याच घरून सुपातून दिलेलं हाय, वडिलोपार्जित न्हाई."

वैष्णवीनं लिहिलं. मालनबाईंनी सूप खुंटीला लावता लावता हात थांबवला. सूप घेऊन ज्याच्या दारात गेलो त्याच्या घरची उणीदुणी त्याच दिवशी काढायची नाहीत, हेही भाऊकीत कुणाला शिकवावं लागत नाही.

हैबतराव अंगणात दोन फेऱ्या मारून आले. "ती शेवटची ओळ," ते म्हणाले, "काढ."

"नक्की?"

"आता काढ म्हनतोय तवर काढ. पुन्यांदा म्हननार न्हाई."

ओळ गेली. विषयाच्या जागी वैष्णवीनं साधं लिहिलं, 'मुठा गाव, काळकुसळी भात, हैबतराव यांचा फॉर्म.' फोटो एकच. अर्ध्या तासात मॅडमचं उत्तर आलं की फॉर्म मिळाला. मग फोन कोयत्याशेजारी ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं.

कोजागरीच्या सकाळी मॅडम पाहणीला आल्या. त्यांच्या हातात दोन फॉर्म होते. बांधावर उभं राहून त्यांनी दोन्हीकडच्या लोंब्या हातात घेतल्या, कुसळं मोजली, दाणे चोळले. मग चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

"वाण एकच आहे. पण एका फॉर्मवर वडिलोपार्जित लिहिलंय आणि दुसऱ्यावर तुळजाबाईंचं नाव. मला वहीत एकच इतिहास लिहिता येतो. बी मूळ कुणाच्या घरचं?"

हैबतरावांच्या जिभेवर सगळं तयार होतं. त्यांनी दात दाबून धरले. जयसिंगनं मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं.

"काकीचं," तो म्हणाला. "ह्याच्या आयचं. आमच्या घरचं मेलं व्हतं. माझी आय सूप घेऊन गेली व्हती. माझ्या फार्मावरचं तेवढं खोडा, मॅडम."

हैबतरावांना वाटलं होतं की हे शब्द ऐकले की आपण जिंकू. प्रत्यक्षात त्यांना जयसिंगचाच हेवा वाटला. एवढं मोठं बोलायची संधी आली, तीही ह्यालाच आली. आपण साठ वर्षांत असं एक वाक्य बोललो नाही.

आठ दिवसांनी गटाच्या पत्त्यावरून पत्र आलं. 'वाण काळकुसळी. गाव मुठा. जतन करणाऱ्या तुळजाबाई.' हैबतरावांनी ते पौडला जाऊन छापून आणलं आणि आईच्या फोटोखाली लावलं. लावताना नजर खालच्या बारीक ओळीवर गेली. 'सध्या लागवड करणारे, जयसिंग व हैबतराव.' ज्याचा फॉर्म आधी आला त्याचं नाव आधी. आणि शेजारी छापलेली लोंबी बांधाच्या पलीकडची होती, कारण ती लांब होती.

तेव्हापासून हैबतराव दर रविवारी सकाळी चहाबरोबर स्पॅमचं खातं उघडतात आणि स्टोअरमधला माल तपासावा तशी एकेक ओळ वाचून काढतात. हवं ते वर घेतात, परदेशातल्या बाईला तिथंच ठेवतात. जयसिंगची पत्रं आता रोज न चुकता वरच्या खात्यात वाजतात. 'गटप्रमुख जयसिंग यांच्या शेतावरील लोंबी.' अंगठा अजून तक्रारीच्या ओळीपाशी जातो. थांबतो. मग हैबतराव फोटो मोठा करतात आणि दाणे मोजतात.

कापणीच्या आधीच्या रविवारी ते असेच मोजून उठले, आपल्या खाचरात शिरले आणि तासभर धुंडून सगळ्यात लांब लोंबी शोधली. एकच फोटो काढला. विषय साधा लिहिला, उद्गारचिन्ह एकही नाही. गटाला पाठवला आणि बांधावर येऊन, स्वतःच्या शेताकडे पाठ करून उभे राहिले.

"जयसिंगा, पत्र आलं का रं?"

"आलं की दादा!" पलीकडून भाताआडून आवाज आला. "एकशे बाराच दाणं हायेत. माझ्या कालच्या लोंबीत एकशे अठरा व्हतं!"

हैबतराव सहा दाण्यांनी हरले होते. पण जयसिंगनं फोटो उघडला होता, मोठा केला होता आणि एकेक दाणा मोजला होता. ते तसेच हसत घरी आले आणि मालनबाईंकडे त्यांनी दोन भाकरी मागून घेतल्या.